हृदयाआडची गाठ

पराते पालथे झोपले होते. त्यांच्या पाठीवर डाव्या बाजूला मी मार्करने फुली मारून ठेवली होती. सिस्टरने ट्रे उघडला होता, त्यात लांब सुई होती, आणि मी हातमोजे चढवत होते. जागा बधिर करायचं इंजेक्शन द्यायचं आणि पुढे जायचं, एवढंच उरलं होतं.

याला सीटी गायडेड बायोप्सी म्हणतात. सीटी स्कॅनवर बघत बघत सुई आतल्या गाठीपर्यंत न्यायची आणि तिचा बारीकसा तुकडा काढून आणायचा. तो तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे जातो आणि गाठ कॅन्सरची आहे की नाही, ते तिथे कळतं. मी रेडिऑलॉजिस्ट आहे. नागपुरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात काम करते. अशा बायोप्सी मी पुष्कळ केल्या आहेत. तरी ही मला सोपी वाटत नव्हती.

दौलतराव पराते तीन महिन्यांपूर्वी सरकारी नोकरीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले होते. हर्नियाचं साधं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी सगळ्यांचाच काढतात तसा छातीचा एक्स-रे काढला, तर डाव्या बाजूला एक गोल सावली. मग सीटी झाला. गाठ बोराएवढी होती, पण तिची जागा वाईट होती. बरोबर हृदयाच्या मागे. एका अंगाला हृदय, दुसऱ्या अंगाला शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. प्रत्येक ठोक्याबरोबर ती गाठ स्क्रीनवर हलताना दिसत होती. त्यात बिडीने त्यांच्या फुप्फुसांत जागोजागी हवेचे फुगे झालेले. त्यातला एखादा सुईने फुटला तर फुप्फुस तिथल्या तिथे आकसून बसण्याची भीती.

आमचे छातीचे सर्जन डॉ. खानझोडे यांचा बेत सरळ होता. तुकडा कॅन्सरचा निघाला तर सोमवारी फुप्फुसाचा खालचा भाग काढायचा. तुकडा मिळालाच नाही तरी सोमवारी छाती उघडायची. अठ्ठावन्न वर्षांचा, बिडी ओढणारा माणूस, अशी गाठ कोणी सोडत नाही. खानझोडे यांचं चुकत नव्हतं. पण परात्यांची फुप्फुसं बघता ते टेबलावरून नीट उठतील का, ही शंका त्यांनाही होती आणि मलाही.

मी इंजेक्शन भरून घेतलं आणि पुन्हा एकदा स्क्रीनकडे पाहिलं. गाठीची कडा गुळगुळीत होती. कॅन्सरच्या गाठीला बहुधा बारीक काटे फुटलेले दिसतात. हिला नव्हते. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. गुळगुळीत कॅन्सरही असतात. पण गाठ खूप जुनी असेल आणि वाढलेली नसेल, तर ती कॅन्सरची नसते. तेवढं जाणून घ्यायला सुई लागत नाही, जुना एक्स-रे लागतो. परात्यांच्या फॉर्मवर ‘जुन्या तपासण्या’ या रकान्यात कोणीतरी ‘नाही’ लिहिलं होतं.

मी वाकून विचारलं, “परातेजी, याआधी कधीच छातीचा एक्स-रे काढला नाही?”

पालथे असल्याने त्यांचा आवाज दबका आला. “या बिमारीचा नाही काढला, मॅडम. नोकरीले लागलो तवा एक काढला होता. मेडिकलमंदी.”

“तो कुठे आहे?”

“उमरेडले असन. भावाच्या घरी, पेटीत.”

मी इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं आणि त्यांना उठून बसायला सांगितलं. सिस्टर माझ्याकडे बघत राहिली.

खानझोडे यांना फोन केला. ते म्हणाले की तीस वर्षांपूर्वीची फिल्म सापडणार नाही, सापडली तरी बुरशीने खाल्लेली असेल, आणि ज्या माणसाने कसाबसा होकार दिला आहे तो एकदा घरी गेला की परत येणार नाही. तिन्ही गोष्टी शक्य होत्या. मी शनिवारपर्यंत वेळ मागितला. त्यांनी दिला. पण सोमवारचं ऑपरेशन थिएटर सोडणार नाही, असंही बजावलं.

परात्यांची बायको निर्मलाबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. सुई झाली नाही म्हटल्यावर त्या घाबरल्या. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “फोटो भेटला तर याईची छाती फाडा नाही लागन?” मी म्हटलं, तसं वचन देता येणार नाही, पण बघू द्या.

त्या दोन दिवसांत माझ्या मनात जुन्या गोष्टी फार येत राहिल्या.

मी नागपूरच्याच महाल या जुन्या वस्तीतली. वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. मी एमबीबीएस झाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र स्पष्ट होतं. मुलगी बाळंतपणं करणारी डॉक्टर होणार, घराच्या दारावर पाटी लागणार, सगळ्या महालातल्या बायका तिच्याकडे येणार. मी रेडिऑलॉजी घेतली तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, “म्हणजे तू पेशंटला हात नाही लावणार?” आई शेजारणींना सांगायची, आमची सुनीती मोठ्या दवाखान्यात फोटो काढते. लग्नाच्या वेळी एका स्थळाकडून विचारणा झाली होती की मुलगी खरी डॉक्टर आहे ना.

कारण मी कोणालाच नीट सांगितलं नव्हतं. इंटर्नशिपमध्ये एका म्हाताऱ्या बाईंच्या पोटात काय आहे यावर आमच्या वॉर्डात आठ दिवस वाद चालला होता. रेडिऑलॉजीच्या सरांनी एक फिल्म उजेडावर धरली, पेन्सिलीच्या टोकाने एक जागा दाखवली आणि वाद संपला. सर ओरडले नाहीत, कोणाला कमी लेखलं नाही. पुढची फिल्म उचलली. मला तो माणूस फार आवडला. आपणही असंच व्हावं, असं वाटलं.

पुढे मी सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नोकरी केली, तेव्हा एक्स-रे ही ओली वस्तू होती. तांबड्या दिव्याच्या खोलीत आमचे टेक्निशियन मेश्रामजी फिल्म स्टीलच्या चौकटीत अडकवून आधी डेव्हलपरच्या आणि मग फिक्सरच्या टाकीत बुडवायचे. आंबटसर वास कपड्यांना घरापर्यंत यायचा. घाई असली की आम्ही ओल्या फिल्म तशाच व्ह्यू बॉक्सवर लावायचो. व्ह्यू बॉक्स म्हणजे दुधी काचेमागे ट्यूबलाइट असलेली पेटी. फिल्ममधून पाणी ठिबकून खाली फरशीवर डबकं व्हायचं. डबकं पुसता पुसता मेश्रामजी आमची एखादी चूकही दाखवून द्यायचे. “मॅडम, ती बरगडी पाहून घ्या बरं एकदा.” बहुतेक वेळा त्या बरगडीत काहीतरी असायचंच.

आता सगळं कॉम्प्युटरवर. फिल्म नाही, पाणी नाही, वास नाही. मी स्क्रीनसमोर बसते, रिपोर्ट सांगते, तो पाठवला जातो. माझ्या रिपोर्टवर ज्यांची ऑपरेशनं झाली आणि जे बरे झाले, त्यांतल्या बहुतेकांना मी रस्त्यात ओळखणार नाही, ते मला ओळखणार नाहीत. माझ्याबरोबरच्या गायनॅकवाल्या मैत्रिणीला गांधीबागेत साडी घ्यायला गेलं तरी चार बायका थांबवतात. मुलं पुढे करतात, पाया पडायला सांगतात. मी पिशव्या धरून बाजूला उभी असते. हेवा वाटतो. खोटं कशाला बोलू? पण दुसरी ब्रँच घ्यायला हवी होती, असं मात्र मनापासून कधी वाटलं नाही. सकाळी पहिला एक्स-रे समोर आला की आजही उत्सुकता वाटते.

शनिवारी दुपारी पराते आणि निर्मलाबाई आले. निर्मलाबाईंच्या हातात खाकी पाकीट होतं, त्यावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली.

परात्यांच्या वडिलांचे उमरेडला हातमाग होते. सुती साड्या विणायचे. माग बंद पडल्यावर पराते नोकरीच्या मागे लागले, आणि नोकरी लागली त्या दिवशीचा प्रत्येक कागद त्यांनी पेटीत जपून ठेवला होता. ऑर्डर, फिटनेस, एक्स-रे, सगळं. फिल्मचा वरचा एक कोपरा मात्र कापलेला होता. कधीतरी सूर्यग्रहण पाहायला पुतण्यांनी तो नेला होता. पराते दोन दिवस त्याच काळजीत होते. गाठ त्या कोपऱ्यात गेली असली तर?

मी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. आमच्या खोलीत आता व्ह्यू बॉक्स नाही. स्टोअररूममधून एक मागवला. त्याची ट्यूब बराच वेळ फडफडली आणि मग लागली. फिल्म वर लावली. कडेला तपकिरी डाग पडले होते, कारण त्या दिवशी ती पाण्यात नीट धुतली गेली नव्हती. बाकी फिल्म चांगली होती.

छातीच्या एक्स-रेमध्ये हृदय पांढरं दिसतं. त्याच्या मागे गाठ असेल तर ती पांढऱ्यावर पांढरी. घाईत बघणाऱ्याला ती दिसत नाही. मला माहीत होतं कुठे बघायचं, म्हणून दिसली. गोल, गुळगुळीत, बोराएवढी. मी पट्टी लावून मोजली, मग कॉम्प्युटरवरचा नवा एक्स-रे मोजला. एखाद्या मिलिमीटरचा फरक होता, तोही माझ्या मोजण्यातला असू शकेल. गाठ तीस वर्षं तिथेच होती आणि वाढली नव्हती. ती कॅन्सरची नव्हती. लहानपणी कधी होऊन गेलेल्या क्षयाचा व्रण असेल, किंवा जन्माचीच काही गाठ. काहीही असो, तिला हात लावायची गरज नव्हती.

मी खुर्चीत मागे टेकले. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

मग पाकिटावर चिकटवलेली रिपोर्टची चिठ्ठी पाहिली. छाती, एन.ए.डी. म्हणजे काहीही दोष आढळला नाही. नोकरीच्या मेडिकलला आम्ही ही तीन अक्षरं लिहायचो. खाली सही होती. सुनीती बक्षी.

बक्षी माझं माहेरचं नाव.

मला परात्यांचा तो दिवस अजिबात आठवत नाही. भरतीची मेडिकल असली की सकाळी फिल्मचा गठ्ठाच यायचा. दुपारपर्यंत रिपोर्ट द्यायचे असायचे. मी तिशीची होते, वेगाने काम करायचे आणि त्याचा मला अभिमान होता. त्या गठ्ठ्यातल्या एका फिल्मवर हृदयाच्या मागे गाठ होती, आणि मी लिहिलं होतं की काही नाही.

आता मी सुनीती देशकर आहे. हॉस्पिटलात बक्षी हे नाव कोणालाही माहीत नाही. चिठ्ठीचा गोंद सुकला होता, एक कोपरा सुटला होता. बोटाने ओढली असती तर निघून आली असती. हा विचार माझ्या मनात आला, हे सांगायला हवं. किती वेळ मी ती चिठ्ठी बघत बसले, माहीत नाही. बाहेर ते दोघे वाट बघत होते याचंही भान राहिलं नाही.

मग खानझोडे यांना बोलावलं. ते व्ह्यू बॉक्ससमोर उभे राहिले, चष्मा कपाळावर केला, जवळून पाहिलं, लांबून पाहिलं.

“सोमवार कॅन्सल,” ते म्हणाले. “हे ज्याने जपून ठेवलं त्याला मानलं पाहिजे. पण वाचणाऱ्याने घाण केली होती. कोण होतं?”

“मी होते.”

त्यांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं. मग दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले की पेशंटला हे सांगायची काही गरज नाही. गाठ जुनी आहे, साधी आहे, तेवढं सांगा. नाव कोण वाचतंय? उगाच कुठे तक्रार झाली तर रिटायरमेंटच्या तोंडावर त्रास तुम्हाला. ते माझ्या भल्याचंच सांगत होते. मी त्यांना म्हटलं, रिपोर्टमध्ये जुन्या फिल्मशी तुलना लिहावीच लागेल. गाठ तेव्हाही होती असं लिहिलं की तेव्हाच्या रिपोर्टमध्ये ती का नाही, हे कोणीही विचारेल. त्यापेक्षा मीच सांगते.

दोघांना आत बोलावलं. फिल्म दाखवली, नवा एक्स-रे दाखवला, पेन्सिलीने दोन्हीकडे गाठ दाखवली. ऑपरेशन नाही, सुई नाही, सहा महिन्यांनी एक आणि वर्षाने एक सीटी, बस. परात्यांनी दोन्ही हात जोडले आणि ते तसेच धरून ठेवले.

मग मी म्हटलं, “अजून एक सांगायचं आहे. ही गाठ तेव्हाच दिसायला हवी होती. तेव्हा हा एक्स-रे ज्या डॉक्टरने वाचला, ती मीच. ही माझी सही आहे. माझ्याकडून सुटली.”

पराते गोंधळून बायकोकडे बघायला लागले. निर्मलाबाईंना बरोबर कळलं होतं.

“मंग तवा ते कॅन्सरची असती तर?”

“तर माझ्यामुळे उशीर झाला असता. बहुतेक हे आज इथे बसलेले नसते.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही, पण डोळे हलवले नाहीत. शेवटी म्हणाल्या, “बरं झालं तुमी सांगतलं.”

पराते मला सावरायला धावले. “मॅडम, त्या दिवशी तुमाले दिसली असती तर मले नोकरी नसती भेटली. वयाची अट संपून राहिली होती माई. घरी माग बंद. मी कुठी गेलो असतो?”

खरंच होतं ते. छातीत गाठ म्हणून मी त्यांना थांबवलं असतं, क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या असत्या, वर्ष गेलं असतं आणि ती जागा दुसऱ्याला गेली असती. त्या नोकरीवर त्यांच्या दोन मुली शिकल्या. एक नर्स आहे, एक बँकेत. हे सगळं माझ्या चुकीवर उभं आहे, असं ते मला सांगत होते आणि त्यात त्यांना आनंद होता. मला तो आनंद घेता आला नाही. त्यांचं नशीब चांगलं निघालं, त्यात माझं काही नव्हतं. आणि त्या गठ्ठ्यात एकटे परातेच नव्हते. त्या काळात मी रोज तीन अक्षरं लिहून किती फिल्म बाजूला ठेवल्या. त्यातल्या कोणाच्या हृदयामागे काय होतं, मला कधी कळणार नाही. रेडिऑलॉजी घेतल्याचा पश्चात्ताप होतो का, असं मला पुष्कळ जण विचारतात, विशेषतः नव्याने ब्रँच निवडणारी मुलं. ब्रँचचा होत नाही. त्या घाईचा होतो.

संध्याकाळी रिपोर्ट लिहिला. पहिलं वाक्य, गाठ जुन्या फिल्मवरही तेवढीच दिसते, म्हणून ती निरुपद्रवी समजावी. दुसरं वाक्य, त्या वेळी ती नोंदवली गेली नव्हती. खानझोडे यांनी फोन करून दुसरं वाक्य काढायला सांगितलं. मी ते राहू दिलं. तक्रार कोणी केली नाही. केली असती तरी मला बोलायला जागा नव्हती.

परात्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. सहा महिन्यांचा सीटी झाला, वर्षाचा झाला. गाठ जिथे होती तिथे आहे, तेवढीच आहे. प्रत्येक वेळी ते काउंटरवर सांगतात की मॅडमकडेच करायचा आहे. बिडी त्यांनी सोडली आहे असं ते म्हणतात, आणि निर्मलाबाई मागून ‘नाही’ म्हणून मान हलवतात. मागच्या वेळी त्यांनी शेजारच्या बाकावरच्या एका माणसाला माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, “ह्या आमच्या डॉक्टर होय.” मी कॉरिडॉरमधून जात होते. इतक्या वर्षांत ‘आमच्या डॉक्टर’ असं मला कोणी म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मी थांबले नाही. आत जाऊन बसले आणि थोडा वेळ स्क्रीनवर काही दिसेना.

यातून लोकांनी शिकण्यासारखं एवढंच की जुने एक्स-रे रद्दीत देऊ नयेत. ग्रहण पाहायला तर मुळीच कापू नयेत. त्याने डोळे जातात. आणि आमच्या धंद्यातल्यांसाठी सांगायचं तर, रिपोर्टवर सही वाचता येईल अशी करावी. कधीतरी ती आपल्यालाच ओळखावी लागते.